बसऱ्याला गेलेले पणजोबांचे भाऊ : कूतच्या लढाईविषयी माहिती हवी आहे

प्रश्न (खेड तालुक्यातील एक वाचक)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठापासून थोडे आत आहे. गावातल्या जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला किती पुरुष गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढे दोनच आकडे तिच्यावर कोरलेले आहेत. नाव एकही नाही. लहानपणी आम्ही त्या पाटीखाली बसून डबा खाल्ला, पण त्या आकड्यांपैकी एक माणूस आमच्याच घरातला होता हे मला लग्न होऊन बरीच वर्षे झाल्यावर, माहेरच्या देव्हाऱ्यामुळे कळले.

आमच्या देव्हाऱ्यात कुळदैवताच्या टाकांशेजारी चहाच्या बशीएवढी एक जाड तबकडी आहे. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली एक उभी स्त्री आणि तिच्या पायाशी सिंह आहे. त्यामुळे घरात ती पिढ्यानपिढ्या भवानी म्हणूनच पुजली गेली. दर दसऱ्याला इतर भांड्यांबरोबर तीही चिंच आणि राख लावून घासली जाते आणि तिला हळदकुंकू लागते. गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या भाच्याने ती उजेडात धरली, तेव्हा कडेने इंग्रजी अक्षरे असल्याचे त्याच्या लक्षात आले. तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. आत एका आयताकृती चौकटीत नाव असावे, परंतु शंभर वर्षांच्या घासण्याने ते जवळजवळ सपाट झाले आहे.

वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की पणजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते आणि ते ‘बसऱ्याला गेले’. घरात एवढेच शब्द टिकले आहेत. १९१६ च्या शिमग्याच्या सुमारास त्यांचे एक पत्र आले, त्यानंतर काही आले नाही. त्यांची आई पुढे कितीतरी वर्षे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी अंगणात आली की ‘माझा झिलगा कुठे आहे’ एवढे एकच गाऱ्हाणे घालत असे. चांदीचे एक पदकही होते. ते नंतरच्या एका वाईट वर्षी मोडून टाकले.

माझे प्रश्न असे आहेत. बसऱ्याकडे १९१६ च्या आरंभी नेमके काय घडले? इतकी माणसे कशासाठी मारली गेली, आणि त्यातून पुढे काय निष्पन्न झाले? त्यांचे नाव अधिकृत नोंदीत कुठे शोधता येईल?

उत्तर (रत्नागिरीतील निवृत्त इतिहास शिक्षिका)

ताई, आपल्या घरातील तबकडी ही महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकांना ब्रिटिश सरकारने दिलेले कांस्याचे स्मृतिफलक आहे. त्याचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो. तेरा लाखांहून अधिक फलक तयार झाले. त्यावरील स्त्री म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचे स्त्रीरूपातले प्रतीक. तिच्या हातातल्या त्रिशुळामुळे आणि शेजारच्या सिंहामुळे आपल्या पूर्वजांना ती भवानी वाटली, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. या फलकावर मृताचे केवळ नाव असते. हुद्दा किंवा पलटण मुद्दामच घातलेली नाही, कारण मरणात सर्व सारखे असावेत अशी त्यामागची कल्पना होती. म्हणून पलटण कोणती, हे त्यावरून कळणार नाही.

आता लढाईविषयी. इंग्रजांनी १९१४ च्या नोव्हेंबरात तुर्कांच्या ताब्यातल्या मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराकमधले, बसरा हे बंदर घेतले. आखाती तेल आणि तिथवरचा जलमार्ग सुरक्षित करणे हा मूळ हेतू होता आणि तो तेवढ्यावरच पुरा झाला होता. परंतु सोपे विजय मिळत गेले, तसा सेनापती निक्सन यांना बगदादचा मोह झाला आणि मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत गेली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या, आणि त्या काळी मराठा पलटणींची भरती रत्नागिरी जिल्ह्यातून फार मोठ्या प्रमाणावर होत असे. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे या फौजेची सुमारे निम्मी माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. उरलेली फौज माघार घेत कूत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात आली आणि ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तिला वेढा घातला.

आपला प्रश्न ज्या मनुष्यहानीविषयी आहे, ती बहुतांशी या वेढ्याच्या आत झालेली नाही. ती वेढा फोडण्यासाठी बाहेरून केलेल्या चढाईत झाली. आपल्याकडे कूतची शरणागती थोडीफार ठाऊक असते, ही चढाई मात्र विस्मरणात गेली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सोडवणुकीसाठी निघालेल्या फौजेचे नेतृत्व जनरल एल्मर यांच्याकडे होते. तिच्यात फ्रान्सच्या खंदकांतून नुकत्याच आणलेल्या दोन भारतीय डिव्हिजनांचा मोठा वाटा होता. ६ ते ८ जानेवारी १९१६ या तीन दिवसांत शेख साद येथे सुमारे चार हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यानंतर १३ जानेवारीला वादी येथे पुन्हा लढाई झाली. आणि २१ जानेवारीला हन्ना येथे जे घडले, ते खंदकयुद्धाचे सगळे दोष एका दिवसात दाखवणारे आहे.

हन्नाची जागा डोळ्यासमोर आणायची असेल, तर आपल्या खाडीकाठचे खाजण आठवावे. एका बाजूला टायग्रिस, दुसऱ्या बाजूला सुवैकियाची अफाट दलदल आणि मध्ये मैलभर रुंदीची सपाट पट्टी. त्या पट्टीत झाड नाही, बांध नाही, उंचवटा नाही. तुर्कांनी ती पट्टी आडवे खोल खंदक खणून पूर्ण अडवली होती, त्यामुळे वळसा घालायला वाव नव्हता. तोफखाना अपुरा होता. तोफांचा मारा थांबल्यावर शिपाई उघड्यावरून चालत निघाले तेव्हा खंदकातली माणसे आणि मशीनगन जवळजवळ शाबूत होत्या. सहावी जाट आणि ब्लॅक वॉच या पलटणींची थोडी माणसे शत्रूच्या पहिल्या खंदकापर्यंत पोहोचली, पण त्यांच्या मागे कोणी येऊ शकले नाही. त्यातच पाऊस कोसळू लागला. ती नदीने आणलेल्या गाळाची माती आहे. भातलावणीच्या चोंढ्यात पाय ओढताना काय होते ते आपल्याला ठाऊक आहे, त्यात अंगावर जड कोट आणि हातात चिखलाने बंद पडलेली बंदूक. एका दिवसात सुमारे २,७०० माणसे पडली. जखमी रात्रभर थंडीत, पावसात, त्याच चिखलात पडून राहिले.

त्यानंतर ८ मार्चला दुजैला येथे जे घडले, त्याची हळहळ मला प्रत्येक वेळी वाचताना वाटते. फौज रात्रभर वाळवंटातून चालून पहाटे तुर्की मोर्च्यासमोर पोहोचली, आणि तो मोर्चा त्या घटकेला जवळजवळ रिकामा होता. परंतु ठरलेल्या योजनेप्रमाणे आधी तोफा लागल्या पाहिजेत, म्हणून पुढे जाऊ दिले गेले नाही. त्या काही तासांत तुर्कांनी मोर्चा भरून काढला आणि मग हल्ला झाला. सुमारे ३,५०० माणसे पडली. एल्मर यांना दूर करून जनरल गोरिंज यांना नेमले गेले, आणि एप्रिलमध्ये ६, ९ आणि २२ तारखांना सन्नाइयात येथे तसेच समोरासमोरचे हल्ले झाले. तेही फसले.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण आले. आत सुमारे १३,००० माणसे होती आणि त्यांना सोडवण्यासाठी बाहेर सुमारे २३,००० माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. शरण गेलेल्यांपैकी चार हजारांहून अधिक माणसे पुढे कैदेत, वाटचालीत आणि रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर मरण पावली.

आपल्याकडच्या पत्राविषयी एक तर्क मांडते. डिसेंबरपासून कूतमधून टपाल बाहेर पडत नव्हते. पत्र शिमग्याच्या सुमारास आले असेल, आणि ते टपालात फार काळ अडकलेले नसेल, तर आपल्या पणजोबांचे भाऊ कूतच्या आत नसावेत. आत अडकलेल्या पलटणींची उणीव भरून काढण्यासाठी मागाहून आलेल्या शिपायांना आत पोहोचता येत नव्हते, ते बाहेरच्या फौजेबरोबर राहिले. त्यामुळे त्यांचा शोध हन्ना, दुजैला आणि सन्नाइयात या नावांभोवती, तसेच अमाराच्या आणि बसऱ्याच्या रुग्णालयांभोवती घ्यावा असे मला वाटते.

परिणामांविषयी. जखमींची जी दैना झाली, तिची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. टेसिफॉनच्या जखमींना बोटींवर गुरांसारखे भरून अनेक दिवसांनी बसऱ्याला आणले होते. मेजर कार्टर या डॉक्टरांनी ते पाहून तक्रार केली, तेव्हा त्यांनाच दटावले गेले होते. अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी मॉंटेग्यू आले. हिंदुस्थान सरकारचा कारभार लाकडासारखा ताठर आणि काळाच्या मागे राहिलेला आहे, असे त्यांनी पार्लमेंटात याच अहवालावर बोलताना म्हटले होते. २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा आणि १९१९ चा सुधारणा कायदा यांकडे जाणारी वाट अशा रीतीने त्या चिखलातूनही गेली आहे. अर्थात वाट एकच नव्हती. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी याच युद्धात भरतीला पाठिंबा देताना स्वराज्याची अट घातली, आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्याविषयी बोलू दिले नाही म्हणून ते सभा सोडून गेले. आणि बसऱ्यापुरते सुरू झालेले हे प्रकरण बगदाद, मग मोसुल असे वाढत ब्रिटिश आधिपत्याखालच्या इराक नावाच्या नव्या राज्यापर्यंत गेले.

उत्तर (सावंतवाडी, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त)

वरील उत्तर सविस्तर आहे, त्यात लढाईविषयी भर घालण्यासारखे माझ्याकडे फार नाही. नोंदींविषयी मात्र सांगतो.

मेसोपोटेमियात बेपत्ता झालेल्या किंवा कबर नसलेल्या सैनिकांचे स्मारक बसऱ्यात आहे. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची आठवण केलेली आहे. परंतु भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या कोरली गेली. आपल्या शाळेच्या पाटीवर जे आहे, तेच तिथेही आहे. मी नोकरीत असताना पहिल्यांदा हे वाचले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य करून क्षमा मागितली आहे. ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने ते नौदलाच्या गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवले गेले.

तरीही आशा आहे. भिंतीवर नावे नसली तरी याद्यांमध्ये ती होती, आणि त्या याद्या आज आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पुष्कळ नोंदींमध्ये वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि रत्नागिरी जिल्हा असेही लिहिलेले असते. अडचण स्पेलिंगची येते. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आहे, म्हणून आडनावाने शोधून न मिळाल्यास गावाच्या नावाने, तेही तीन-चार प्रकारे लिहून पाहावे. पलटण ठाऊक नसेल तर वर आलेल्या तिन्ही पलटणी आणि त्यांच्याखेरीज १०५, ११४ व ११६ या क्रमांकांखालीही पाहावे. त्या सहा पलटणी १९२२ मध्ये एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. ११७ क्रमांकाच्या पलटणीला तर या युद्धातील कामगिरीबद्दल ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

पदक मोडले याचे वाईट वाटते, कारण त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ज्यांच्या घरी अजून असे पदक असेल, त्यांनी आधी कड पाहावी.

तबकडीवरच्या नावासाठी एक उपाय करून पाहा. अक्षरे उठावाची असतात, ती डोळ्यांना दिसत नसली तरी थोडा उठाव शिल्लक असतो. तिच्यावर पातळ कागद घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवावी. आणि कृपया यापुढे चिंच, लिंबू किंवा राख लावू नये.

उत्तर (दापोली)

चर्चेत एक बाजू राहून जाईल म्हणून लिहितो. माझे पूर्वजही पलटणीतले, परंतु महार समाजातले. दापोलीला आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात इथे पलटणीतून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर इथेच राहिले. पुढे ‘लढवय्या जाती’ असा भेद करून सरकारने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबुवा वलंगकर यांनी इथूनच १८९४ मध्ये अर्ज लिहिला. तो अर्ज ऐकला गेला नाही.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेत माणसे कमी पडू लागली, तेव्हा तोच दरवाजा पुन्हा उघडला आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच, १९२१ मध्ये, ती मोडून टाकली गेली. ज्यांनी गरज होती तोवर बंदूक धरली, ते गावात परत आले तेव्हा पाणवठा त्यांना बंदच होता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले, आणि तेही दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे हवी होती म्हणून.

शिवाय मेसोपोटेमियात गेलेल्या भारतीयांची संख्या पावणेसहा लाखांहून अधिक सांगितली जाते, त्यांपैकी जवळजवळ निम्मे बंदूकधारी नव्हते. हमाल, खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले, स्वयंपाकी, नावाडी अशी ती माणसे होती. कोकणातल्या ज्या घरांत ‘बसऱ्याला गेला’ एवढीच आठवण आहे, त्यांनी केवळ पलटणींच्या याद्या पाहून थांबू नये. ब्रिटिश युद्धपदक लढणाऱ्यांना चांदीचे मिळाले आणि अशा कित्येक बिनलढाऊ माणसांना कांस्याचे, त्यामुळे घरात काळपट पदक असेल तर तो धागा तिकडे जातो. ताईंच्या घरचे पदक चांदीचे होते, तेव्हा ते शिपाईच असावेत.

उत्तर (पेण, खारभूमीतील शेतकरी)

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण अमाराच्या दफनभूमीविषयी वाचलेली एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहितो. या मोहिमेत मेलेले साडेचार हजारांहून अधिक लोक तिथे आहेत. त्यांच्या कबरींवर रीतसर शिळा उभ्या केल्या होत्या. परंतु त्या मातीत खार इतका आहे की शिळा झिजू लागल्या, आणि १९३३ मध्ये त्या सगळ्या काढून टाकून एका भिंतीवर नावे लिहावी लागली. आमच्याकडे बांध फुटून उधाणाचे पाणी शेतात शिरले की पुढची दोन-तीन वर्षे भात येत नाही, घराच्या जोत्याचा चिराही खारामुळे पापुद्रे सुटून खाली येतो. खार दगड कसा खातो हे मी रोज पाहतो. म्हणून त्या शिळांचे काय झाले असेल हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत याबद्दल मी ऋणी आहे. मी रविवारी माहेरी गेले होते. तबकडी देव्हाऱ्यातून काढण्याआधी वडिलांनी दिवा लावला आणि मगच ती माझ्या हातात दिली. पातळ कागद ठेवून सांगितल्याप्रमाणे पेन्सिल फिरवली. पहिल्या दोन वेळा नुसता काळा डाग उमटला. तिसऱ्या वेळी भाच्याने कागद चारी बाजूंनी ताणून धरला आणि मी पेन्सिल जवळजवळ न टेकवता फिरवली, तेव्हा चौकटीत आमचे आडनाव पूर्ण उमटले. त्यात आम्ही आज लिहितो त्यापेक्षा एक अक्षर कमी आहे. आडनावाआधीच्या नावाची शेवटची तीन अक्षरे आली, पहिली आली नाहीत. वडील आता सत्त्याऐंशीचे आहेत. त्यांनी ती तीन अक्षरे बघून पूर्ण नाव सांगितले. ते त्यांना कोणी सांगितले होते हे आठवत नाही, पण त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकले असावे असे ते म्हणाले. त्यांनी ते आम्हाला याआधी कधीच सांगितले नव्हते, कारण आम्ही कधी विचारले नव्हते.

आता त्या स्पेलिंगने आयोगाच्या यादीत शोध सुरू केला आहे. त्या आडनावाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या नोंदी बऱ्याच आहेत आणि गावांची नावे ओळखू न येण्याइतकी बदललेली आहेत, म्हणून एकेक उघडून पाहते आहे. काही सापडले तर इथे कळवीन. शाळेच्या पाटीशेजारी गावातल्या सगळ्या गेलेल्यांची नावे लिहिता यावीत म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज करणार आहे. त्यात दापोलीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे बौद्धवाडीतल्या घरांमध्येही चौकशी करायची ठरवली आहे.

तबकडी संग्रहालयात द्यावी असे भाच्याचे म्हणणे होते. वडिलांनी नको म्हटले. ती पुन्हा टाकांशेजारी ठेवली आहे, हळदकुंकू लागेल, पण घासली जाणार नाही.